निवेदक खलनायक असला म्हणून काय झालं?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू दिलेली कादंबरी वाचून झाली. निवेदक डोक्यात जातो म्हणून तू ती अर्ध्यावर सोडलीस. डोक्यात तो माझ्याही गेला. सख्ख्या भावाला शत्रूच्या हाती देतो आणि लगेच स्वतःच्या हुशारीचं कौतुक सांगत बसतो! पण पुस्तक त्याच्या स्वभावामुळे फसलं, हे मला पटत नाही. अप्पलपोट्या माणसाच्या तोंडची गोष्टसुद्धा खिळवून ठेवते. तो काय लपवतोय, ते आपण ताडत राहतो ना.

खरी गोची अशी की, त्याला अडवणारं त्या जगात काही नाहीच. प्रत्येक मंत्रामागे एक आठवण कायमची जाते, असं सुरुवातीला सांगितलंय. केवढी जबरदस्त कल्पना! मग शेवटच्या लढाईत तो मंत्रांमागून मंत्र म्हणतो आणि तरी त्याला सगळं लख्ख आठवतं. समज, भावाला दगा दिल्याची आठवणच गेली असती तर? आपण वाचक चिडलेले, आणि स्वतः काय केलंय याचा त्याला पत्ताच नाही. हे हातचं सोडलं, याची मला फार हळहळ वाटते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किन यांचा परीकथांवर एक निबंध आहे, मूळचं १९३९ सालचं व्याख्यान. त्यात ते म्हणतात की ‘हिरवा सूर्य’ असं कुणीही म्हणू शकतं. तो सूर्य जिथे खरा वाटेल असं जग उभं करायला मात्र कष्ट आणि विचार लागतो. या कादंबरीत आकाशात दोन चंद्र आहेत, पण त्यांचा ना भरती-ओहोटीवर परिणाम, ना तिथींवर.

तू म्हणशील, तो स्वतःतच बुडालेला, त्याला जग दिसणार कसं? अगं, तिरस्कारातूनही दिसतं. पाणी उशिरा आणलं म्हणून तो नोकरावर खेकसतो. विहीर किती लांब आहे, तिथे पहारा कुणाचा, एवढं त्या खेकसण्यातच आलं असतं, त्याच्याही नकळत.

तुरुंगाचं प्रकरण तेवढं वाच. तिथे भाऊ पहिल्यांदा बोलतो, आणि निवेदकानं आधी सांगितलेलं बरंच खोटं ठरतं. संपूर्ण पुस्तकात लेखकाला खरंच सूर सापडलाय तो तिथे, असं मला वाटतं. तुला काय वाटतं, ते सविस्तर लिही.

तुझी,
आई