चि. मेघा, टॅब कपाटात ठेवू नकोस

बेळगाव,
रविवार, दुपार

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

राणी चन्नम्मा एक्सप्रेस सुटताना तू खिडकीतून हात केलास, पण तोंड फुगलेलंच होतं. पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. असो. कुंदा डब्यातून सांडला नाही ना, तेवढं कळव. आई सारखी विचारतेय.

पत्र हातानेच लिहायला घेतलं होतं. पण माझं हस्ताक्षर टॅबला वाचता यायचं नाही, म्हणून क्लासात येऊन टाइप करतोय, आणि तेही युनिकोडमध्ये. आपल्या जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलं असतं तर पडद्यावर मराठी दिसली असती, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात आणि वाचणारा आवाज तीच बडबडतो. माझ्याकडच्या लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली लावून बघितल्या, एक शब्द कळेना. तेव्हा हे पत्र डोळ्यांनी वाच नाहीतर टॅबकडून वाचून घे, तुझ्या मनावर आहे.

एक विचारतो आणि मग विचारणार नाही. ऑफिसातून किती वाजता सुटतेस? बस जिथे सोडते तिथून खोलीपर्यंत दिवे आहेत का? मधे गटाराचं काम चाललंय म्हणालीस, ते बुजवलं का?

आता मागच्या आठवड्यातल्या शनिवारचं. मी तुझ्या टॅबवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज, चालू केलं आणि तू ओरडलीस, ‘मी आत्ताच आंधळी झाले का?’ आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली. तू रागावलीस त्यात टॅबचाही वाटा होता गे. तू बोट लावत होतीस आणि काही उघडत नव्हतं, पान सरकत नव्हतं, तुला वाटलं बिघडला. तो बिघडलेला नव्हता. टॉकबॅक चालू असलं की एका बोटाने स्पर्श केल्यावर तो फक्त सांगतो, तिथे काय आहे ते. उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायची, आणि ती पडद्यावर कुठेही केली तरी चालते. बोट उजवीकडे झटकलं की पुढची गोष्ट, डावीकडे झटकलं की मागची. पान सरकवायला दोन बोटं लागतात. आणि नको झालं की आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीनेक सेकंद दाबून धरायची, बंद. परत तशीच धरली की चालू. आधी हे बंद करणं शीक, म्हणजे भीती जाते. टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये शिकवणीही आहे, ती एकेक हालचाल करून घेते. खोलीत दार लावून कर, कुणाला दाखवायचं कारण नाही.

बंगळूरला जायच्या आदल्या दिवशीच ते काढायला नको होतं, असं आई म्हणते. मला वाटतं काढायलाच हवं होतं. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्यांचा आजार म्हणून लिहून दिलं त्या दिवसापासून तू त्यावर एक अक्षर बोललेली नाहीस. रात्रीचं दिसणं आधी कमी होतं, मग बाजूचं, मधलं बऱ्याचदा पुष्कळ वर्षं टिकतं, आणि कुणाचं किती टिकेल ते आधी सांगता येत नाही, हे तूही ऐकलंस आणि मीही. मधलं टिकलंय म्हणून तुला पुस्तक दिसतं, मोबाइल दिसतो, आणि तू म्हणतेस मला काही झालेलं नाही. आणि उंबऱ्यावर ठेवलेली बादली तुला दिसत नाही. मी बघितलंय.

म्हणूनच आत्ता. खानापुरात आम्ही पोरं विहिरीत पोहायला मे महिन्यात शिकायचो, पाणी खाली गेलेलं असायचं तेव्हा. आज आवाज काय म्हणाला ते कळलं नाही तर डोळे उघडून बघता येतं. बटण कुठे होतं, कानाने काय ऐकलं, डोळ्याला काय दिसलं, हे जुळवून घ्यायला आज तुझ्याकडे दोन्ही आहे. नंतर शिकणारा माणूस दुप्पट कष्टाने शिकतो.

अण्णामामाला कुणी काही शिकवलं नाही. दिवेलागण झाली की तो ओट्यावर यायचा आणि तिथून हलायचा नाही. लोक रातांधळा म्हणायचे, आणि तो हसायचा. धारवाड आकाशवाणी लावून बसायचा. कन्नड बातम्या, मराठी नाट्यगीतं, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, सगळं. तुला मांडीवर घेऊन तुझ्या पायाचं माप घ्यायचा, आठवतं? त्याचं नाव निघालं की आई उठून आत जाते. तू तिला काही बोलू नकोस, मनात आलं तरी बोलू नकोस. आणि तुझं मामासारखं होणार नाही. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. त्याच्याकडे रेडिओ होता, तुझ्याकडे हे आहे.

पण रात्री तू त्याच्यासारखी ओट्यावर बसणार नाहीस, बाहेर पडणार. तुझा स्वभाव मला माहीत आहे. रिक्षा कर. पैशाचं बघू नकोस.

बरं, तू गेल्यापासून रोज क्लास सुटला की मी कोपऱ्यातल्या मशीनचा मॉनिटर बंद करून बसतो. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि एंटर एकदम दाबलं की नॅरेटर, म्हणजे कॉम्प्युटरचा वाचून दाखवणारा आवाज, बोलायला लागतो. हा विंडोज २००० पासून आत आहे मेघा. आपल्या क्लासातल्या मशिनींमध्ये तो तेव्हापासून होता आणि इतक्या पोरांतल्या एकानेही तो उघडला नाही. पहिल्या दिवशी तो इतका बोलत सुटला की मला काही सुधरेना. मग कळलं, नुसतं कंट्रोल दाबलं की तो गप्प बसतो. हे सगळ्यात आधी लक्षात ठेव. कॅप्स लॉक धरून अधिकचं चिन्ह दाबलं की वेग वाढतो, उण्याने कमी होतो. कॅप्स लॉक आणि १ दाबलं की शिकण्याची सोय चालू होते, मग कुठलंही बटण दाब, ते काय करतं एवढंच तो सांगतो, काही बिघडत नाही. परत तेच दाबलं की सोय बंद.

तो बोलतो त्याला एक क्रम असतो. आधी नाव, मग ती वस्तू कुठली, मग तिची स्थिती. म्हणजे ‘लक्षात ठेवा, चेक बॉक्स, निवडलेलं नाही’, असं. हा क्रम कानात बसला की पुढचं सगळं सुटसुटीत होतं. कीबोर्डवरचं ‘टॅब’ नावाचं बटण दाबत एकेका जागी जायचं. वेबपानावर कॅप्स लॉक आणि स्पेसने वाचनाची पद्धत चालू असली की एच दाबत मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारता येतात, के दाबलं की पुढची लिंक. डोळसही पान असंच चाळतात, मथळे बघत. तेच बोटांनी करायचं.

आणि बोटं तुझी आहेतच. दहावीच्या सुट्टीत तू क्लासात बसायचीस, हातावर रुमाल टाकून, एफ आणि जे वर तर्जन्या ठेवून. बाकीची पोरं रुमाल उचलून चोरून बघायची. तू कधी बघितलं नाहीस. इंग्रजी मिनिटाला साठ शब्दांपर्यंत गेलीस, मराठी आणि कन्नडही धरलीस. गणपत गल्लीपासून कॅम्पापर्यंत सगळ्या ओळखीच्यांना मी सांगत फिरलो होतो. क्लासात आलेल्या प्रत्येकाला अजूनही सांगतो. माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर काम करायला बाकीच्यांना महिने लागतात, तुला फार तर पंधरवडा लागेल असं मला खात्रीने वाटतं.

आवाजाचं मात्र एक बघ. आपल्याकडे ऑफिसची पत्रं इंग्रजीत, सरकारी नोटीस कन्नडमध्ये आणि घरचं सगळं मराठीत. टॅबवर तिन्ही भाषांचे आवाज उतरवून घे, सेटिंग्जमध्ये बोलण्याच्या आवाजाचा भाग आहे तिथे. नाहीतर इंग्रजी आवाजासमोर मराठी मेसेज आला की गडबड होते. कॉम्प्युटरवर नॅरेटरला मराठी जमेना तर एनव्हीडीए नावाचं तसंच वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध मुलाने ते २००६ मध्ये सुरू केलं, मग जेम्स टेह हा दुसरा अंध मुलगा त्याला येऊन मिळाला. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारा आवाज आहे. ऐकायला कोरडा, यंत्रासारखा, पण शब्द स्पष्ट. आत्याच्या ओंकारकडे आयपॅड आहे ना, त्यात व्हॉइसओव्हर आहे. सिरीला सांगितलं की ते चालू करते. दिवाळीत तो आला की तेही लावून बघ, झटकणं आणि दोनदा टकटक करणं तिथेही तसंच आहे.

सुरुवातीला आवाज संथ ठेव. चार दिवसांत तोच तुला रटाळ वाटायला लागेल, मग वाढव. जुने वापरणारे इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला नुसती भुणभुण वाटावी. आणि दिवसभर सगळं कानाने कर असं मी म्हणत नाही. लांबलचक मेल, बातम्या, एवढंच आधी कानावर टाक. संध्याकाळी तुझं डोकं दुखतं म्हणतेस, ते दिवसभर डोळे ताणल्यानेही असेल. टॉकबॅकमध्ये पडदा काळा करायचीही सोय आहे. बसमध्ये शेजारचा डोकावला तरी त्याला काही दिसणार नाही आणि तुझं काम चालू राहील. फक्त रस्त्यावर उतरल्यावर कानातलं काढ. कानाने गाडी कळायला हवी. अंधारात तर काढच.

पुन्हा तिथेच आलो. आई म्हणते, पत्रात उपदेश कमी लिहा. क्लासात तीस वर्षं पोरांना ‘पाठ सरळ, मनगट वर’ सांगून सांगून सवय लागली आहे, जास्त झालं असेल तर रागावू नकोस.

पण एवढं सांगू दे. ऑफिसात कुणाला तरी सांग. सगळ्यांना नाही, एकाला. तू जेवणाच्या सुट्टीत कुणाशी तरी बोलतेस म्हणालीस, तिला सांग. संध्याकाळी बसपर्यंत बरोबर यायला एक माणूस असलं तर मला इथे झोप येईल. लपवण्यात तुझी ताकद जाते. कुणी खुर्ची पुढे सरकवली आणि तू अडखळलीस की लोक म्हणणार, ही धांदरट आहे. माझी पोरगी धांदरट नाही.

आणि साहेबांना सांगायची वेळ आली तर घाबरू नकोस. २०१६ च्या कायद्यात ‘कमी दृष्टी’ची व्याख्या नुसत्या लांबच्या अक्षरांवर नाही, दृष्टीच्या पसाऱ्यावरही आहे, म्हणजे एका वेळी आजूबाजूचं किती दिसतं त्यावर. पसारा ४० अंशांपेक्षा कमी आणि १० पर्यंत असला की ती कमी दृष्टी, त्याहून कमी झाला की अंधत्व. म्हणजे चष्म्याचा नंबर ठीक असला तरी तुझं खरं ठरतं. सरकारी नोकरीत एकूण ४ टक्के जागा दिव्यांगांना आहेत, त्यातली १ टक्का अंध आणि कमी दृष्टीवाल्यांसाठी. तुला स्पर्धा परीक्षा द्यायची होती ना? या वाचून दाखवणाऱ्या आवाजावर, स्क्रीन रीडरवर, हात बसलेला असेल तर तिथे तू कुणाची मिंधी नाहीस. हे वाचून परत भडकू नकोस, दिव्यांगाचा दाखला काढला म्हणून कुणी आंधळं होत नाही.

पाऊस अजून थांबलेला नाही. शहापुरात काल रात्रभर लाइट नव्हती. वरच्या पत्र्याचं काम पुढच्या आठवड्यात करून घेतो.

आता कामाचं. तुझ्या निळ्या फाइलमध्ये डॉक्टरांनी काढलेला दृष्टीच्या पसाऱ्याचा रिपोर्ट आहे, गोलाकार नकाशा असलेला. त्याचे दोन्ही पानांचे फोटो काढून आजच पाठव, आधार कार्डाचाही. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज मी इथून ऑनलाइन भरतो. तपासणी इथल्या जिल्हा रुग्णालयात होईल, तारीख मिळाली की तुला एक दिवस रजा काढावी लागेल. शक्यतो सोमवारची काढ, म्हणजे शनिवार रात्रीची गाडी पकडता येईल. गाडीत खालचा बर्थ घे, आणि बेळगाव यायच्या आत मला फोन कर, मी डब्यापर्यंत येतो.

तुझे
बाबा