कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मामांना

मामा, नमस्कार.

व्हॉट्सअ‍ॅपवर आभार लिहिले की तुम्ही नुसता अंगठा पाठवून मोकळे होता. म्हणून हे पत्र चारचौघांत. तुमचा मुलगा वाचून दाखवेल, मग लाजायचं तेवढं लाजा.

मी पहिल्यांदा तुमच्या लेथच्या दुकानात आले तेव्हा हातात काचेचे तीन तुकडे होते. जिन्याच्या खिडकीसाठी रंगीत काचेचं कमळ करायला घेतलं होतं. त्यातली गुलाबी छटा सोन्यामुळे येते, काच वितळवताना त्यात सोन्याचा अंश घालतात. किंमतही तशीच. आणि ती काच मी फरशीवाल्याचा मार्बल कटर आणून कोरडीच कापायला बसले. दोनेक इंच छान गेलं, मग टच्च! गुजरीतल्या एखाद्या सोनारानं ते बघितलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं.

म्हणून कानाला खडा लावला आणि चांगली महागडी रिंग सॉ, म्हणजे गोल कड्याची विजेची करवत, मागवायची ठरवली. तुमच्याकडे आले होते ते फक्त ‘पैसे भरू का’ एवढं विचारायला. तुम्ही मशीनच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, “ताई, आधी काय कापायचंय त्ये दावा. मशीनचं मागनं बघू.”

मग चित्र जमिनीवर पसरलं. बेचाळीस तुकडे. तुम्ही खडूनं एकेकावर खूण करत गेलात. सरळ रेघ आणि बाहेर फुगलेला बाक हातकटरनं आणि चिमट्यानं निघतो, ते बाजूला. आत खोल वळलेले नऊ उरले. त्यातल्या पाचांवर बोट ठेवून तुम्ही विचारलंत, “हितं मधनं एक जोड टाकला तर?” न्यू पॅलेसच्या दरबार हॉलमधल्या कमानींत शिवचरित्राचे प्रसंग रंगीत काचेत आहेत, ते मी शाळेपासून बघत आलेय. राजवाडा 1884 चा. काचेला नको तिथं वळवण्यापेक्षा तुकड्याचे दोन करून त्यांना जोडणारी शिशाची रेघ मधून न्यायची, ही त्या जुन्या कारागिरांची रीत. मला ती पुस्तकातून कळली होती, पण स्वतःच्या चित्रावर वापरायची अक्कल तुम्ही दिलीत.

उरले चार तुकडे. त्यांच्यासाठी करवत हवीच होती, तेव्हा कुठं तुम्ही माझे कागद हातात घेतलेत.

रिंग सॉच्या कड्याला सगळीकडून हिऱ्याचा थर असतो, त्यामुळे काच पुढं, मागं, आडवी कशीही सरकवता येते. मी भाळले होते ती त्यावरच. तुम्ही बघितलंत ते कडं कशावर फिरतं ते. “पाणी आणि काचंची पूड एकत्र आली की बेअरिंगचं मरण. ह्ये सुटे भाग मिळणार कुठं?” मग मोटरवरची पट्टी: 110 व्होल्ट, 60 सायकल (म्हणजे विजेची सेकंदाला 60 आवर्तनं). मी ट्रान्सफॉर्मरचं म्हटलं तर हसलात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल नाही. इंडक्शन मोटर असेल तर आपल्या 50 वर ती सहाव्या हिश्श्यानं मंद फिरणार. हे मला विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं ट्रान्सफॉर्मरही गळ्यात मारायची तयारी ठेवली होती, ते असो.

शेवटी आपल्या विजेवर चालणारी छोटी बँड सॉ घेतली, हिऱ्याच्या पट्टीची. ती पुढूनच कापते, पण माझ्या चार बाकांना तेवढं पुरतं. खोल खोबणीत आधी शेजारीशेजारी खाचा मारायच्या, मधल्या पट्ट्या चिमट्यानं मोडायच्या आणि मग कड घासून घ्यायची, हे तुम्ही भंगारातल्या खिडकीच्या काचेवर करायला लावलंत. सात काचा मोडल्या. आठव्या वेळी माझा हात धरलात आणि म्हणालात, “ढकलू नका. पट्टीला दात न्हाईत. ती कापत न्हाई, घासतीया.” त्या एका वाक्यानं हात सैल पडला.

पाणी तुटू द्यायचं नाही, मशीनला अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, खालचा काचेच्या पुडीचा चिखल मोरीत ओतायचा नाही आणि वाळवून झाडायचाही नाही, हे सगळं पाळतेय. चष्माही घालते. (मास्क एकदा विसरले, कबूल.)

त्या तीन दुपारचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्यालाच चहा आणायला पिटाळलंत.

कमळ बसलंय. सकाळी नऊ-साडेनऊला जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुलाबी पडतं. डावीकडची एक पाकळी किंचित जाड दिसते, ती तुमच्या दुकानात कापलेली, बदलली नाही. मामींना घेऊन बघायला या.

आणि एक विचारायचं राहिलं. परवापासून पट्टी काच नुसती तापवतेय, पुढं सरकत नाही. पट्टीवरचे हिरे पुन्हा उघडे करायला तुम्ही म्हणालेला तो दगड लावायची वेळ आली का? बुधवारी पट्टी घेऊन येते.

तुमची,
राजारामपुरीची काचवाली ताई