अस्वलीच्या झुंजीवर कसली मतं मागवता?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर अर्धं पान भरून 'वाघ भारी की अस्वल' छापलंय आणि खाली वाचकांची मतं मागवलीत. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलो. फोटोखाली लिहिलंय 'शिकारीसाठी दोन राजांची लढाई'. कुठली शिकार? आपल्याकडचं अस्वल उधई, मुंग्या, मध, बोरं, टेंभरं आणि मोहफुलं खाऊन जगतं, वरचे मधले दोन दातच नसतात त्याला, त्या फटीतून ओठ लांब करून वारुळातली उधई ओढून घेतं. ते वाघाच्या तोंडचा घास कशाला ओढायला जाईल?

ताडोबातला २०१८ चा मटकासुर वाघाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, त्यात अस्वली होती, सोबत पिल्लू, आणि पाणवठा. वाघाने तिला खाली दाबलं, मानेला धरलं तरी ती सुटली आणि परत त्याच्याच अंगावर गेली. झाडावर चढून तिचं भागत नाही, बिबट्याही चढतो, आणि पिल्लू तर पाठीवर बसवून न्यायचं असतं, म्हणून ती पळत नाही, उभी राहते. तिच्या जिवावरच्या प्रसंगावर तुम्ही मतं मागवता हे मला खरंच लागलं.

लागायचं कारण घरातलं आहे. आमच्या धाकट्या काकू आठ वर्षांपूर्वी चैत्रात पहाटे मोह वेचायला गेल्या होत्या, झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच जाळून जागा साफ केलेली, अंधारात खाली वाकून वेचत होत्या, टोपली अर्धी भरली होती. मागून फक्त एक हुंकार ऐकू आला म्हणतात. तोंडाला बेचाळीस टाके पडले, डावा डोळा गेला. दवाखान्यात पट्ट्या सोडताना मी शेजारी उभा होतो, ओठ नीट हलत नव्हते तरी पहिलं वाक्य काय बोलल्या माहितीये, "तिचं पिल्लू माझ्या मागं होतं रे, मी दोघांच्या मधात आली." आजपर्यंत त्या अस्वलीबद्दल वाईट शब्द नाही त्यांच्या तोंडी.

आणि आपल्या पेपरात दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या, आतल्या पानावर, 'वाघाच्या हल्ल्यात महिला जखमी'! गावाचं नावही चुकलेलं. मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, दोनदा पाठवलं, आजवर छापलं नाही. लोक अजून काकूंना वाघाचंच विचारतात. वाघ नसला की बातमी होत नाही का साहेब? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात अस्वलाने फाडलेले चेहरे गावोगाव दिसतील, त्यांना अर्धं पान कधी मिळालंय?

वर त्याच पानावर सफारीची जाहिरात, 'थरार जवळून अनुभवा'. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिची पाच पिल्लं गाड्यांच्या मधे अडकवली होती, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती बातमी तुम्हीच छापली होती आणि चांगली छापली होती. मग हे जवळून काय चालवलंय?

आपला पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो, म्हणून हक्काने मागतो. ती मतं मागवणं बंद करा. काकूंची दुरुस्ती आठ वर्षांनी का होईना छापा, अस्वल होतं म्हणून. आणि मोह पडायला लागायच्या आधी पहिल्या पानावर एवढं द्या की अंधारात जाऊ नका, एकटं जाऊ नका, मोठ्याने बोलत जा, पिल्लू दिसलं की टोपली टाकून आल्या वाटेने मागे फिरा.

आपला नेहमीचा वाचक,
ता. मूल, जि. चंद्रपूर