शाळेतले संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे, थांबवला. थोडी मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरती आहे. शहरातल्या वाचकांना ही बातमी शिळी वाटेल, ग्रामीण शाळांना मात्र तिची झळ आत्ता कुठे बसू लागली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्यासारख्या शाळांच्या संगणक कक्षात असे संच विरळाच. त्यामुळे चांगले चालते संगणक निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत जाऊ लागले आहेत आणि नव्या खरेदीसाठी पैसे कुठून आणायचे याची चर्चा सुरू आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. यादीवर सही करण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाने आणि संस्थाचालकाने या संचांवर एकदा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली, चालवून पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. जिथे परवान्याला पैसे नसतात तिथे दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो आणि जाताना पेनड्राइव्हवरून ऑफिसची क्रॅक प्रत टाकून देतो. ती चालावी म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. ज्या संगणकावर मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे बँक तपशील भरले जातात, त्याच संगणकावर हे घडते. एकीकडे कॉपीमुक्त अभियानाची शपथ द्यायची आणि दुसरीकडे चोरीच्या सॉफ्टवेअरवर संगणकाचा तास घ्यायचा, हे मला पटत नाही. मुलांना सगळे कळत असते.

आमच्या शाळेत चार जीबी रॅमच्या जुन्या संचांवर आम्ही लिनक्सच्या 'मिंट' या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून हार्डडिस्कला हात न लावता ती आधी वापरून बघता येते. पडदा, आवाज, वायफाय, सगळे नीट चालते अशी खात्री झाली की मगच बसवायची. वर्ड-एक्सेलची कामे करणारे लिबरऑफिस सोबतच येते. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये निवडला की मराठी युनिकोड टायपिंग सुरू. यू-डायस (शाळेची माहिती भरणे), शालार्थ (पगार बिले) ही कार्यालयीन कामे ब्राउझरमध्येच होतात, त्यामुळे खाली विंडोज आहे की लिनक्स याने रोजच्या कामात फारसा फरक पडला नाही. जिथे हार्डडिस्क काढून तिच्या जागी छोटी एसएसडी ही वेगवान डिस्क घातली, तिथे तर संगणक नवा आणल्यासारखा वाटतो.

मला स्वतःला सर्वात जास्त आनंद स्टेलॅरियमने दिला. आकाशदर्शनाचे हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि कुणालाही फुकट मिळते. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकायचे, की गावावरचे आकाश पडद्यावर. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातली भर दुपार लावायची आणि कीबोर्डवरचे 'ए' बटण दाबून वातावरण काढून टाकायचे. निळे आकाश नाहीसे होते आणि सूर्याजवळच मृगाचे तारे उभे राहतात. शेतकऱ्यांच्या मुलांना रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे घरी पेरणीच्या बोलण्यातून पाठ असतात, पण त्या दिवसांत सूर्य खरोखरच त्या ताऱ्यांपाशी असतो हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. तो तास संपल्याची घंटा झाली तरी मुले उठत नाहीत. फळ्यावर आकृती काढून मला हे कधीच साधले नसते.

अडचणी आल्या आणि त्या सांगितल्या पाहिजेत. आपल्याकडे निम्म्या कार्यालयांत दिसणारा एक जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर चालता चालत नव्हता. त्याचा ड्रायव्हर बसवताना फार वेळ गेला, म्हणून नवा प्रिंटर घेताना लिनक्सवर चालतो का हे आधी विचारावे. संस्थेचे हिशेब टॅलीवर असतील तर त्या टेबलावर विंडोजचा परवानाधारक संगणक राहू द्यावा, हट्ट धरू नये. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसला की वाचता येत नाहीत, पण हा घोळ विंडोजवरही होतोच. वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की कधीकधी तक्ते आणि ओळी सरकतात. बाहेर पाठवायचा कागद पीडीएफ करून पाठवला की तो प्रश्न मिटतो.

हे सगळे हौशी लोकांचे खूळ आहे असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी केरळकडे पाहावे. तिथे सरकारी शाळांचा आयटी विषय कितीतरी वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवला जातो. 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली प्रणाली शाळांसाठी तयार करून देते, पाठ्यपुस्तकांत जिंप, इंकस्केप ही चित्रांची सॉफ्टवेअर आणि लिबरऑफिस यांचे धडे असतात आणि शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळते. हे प्रशिक्षणच कळीचे आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहराने लिनक्स स्वीकारून २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले, हे उदाहरण विरोधक नेहमी देतात. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर नेण्याचे जाहीर केले, ते मात्र कुणी सांगत नाही.

इतक्या लांबही जायला नको. आपली न्यायालये ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू वापरतात, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी त्यांची प्रणाली पुण्याच्या एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेत मुक्त स्रोत साधनांवर तयार झाली. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, तेही लिनक्सवरच चालणारे होते. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तर आपल्यासाठी खजिनाच आहे. लिबरऑफिस रायटर, कॅल्क, लिनक्स अशा विषयांवरचे छोटे छोटे पाठ, मराठी आवाजात, विनामूल्य. व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघायचे, अशी त्यांची रीत आहे. ज्या शाळेत संगणक शिक्षकच नाही तिथेही ही रीत चालते. इतके मोठे काम आपल्याच राज्यात झाले असून आपल्याच शाळांना त्याचा पत्ता नसावा याचे फार वाईट वाटते.

सध्या परदेशी सॉफ्टवेअरऐवजी स्वदेशी कंपनीचे घ्या, असा आग्रह ऐकू येतो. त्यामागची भावना मला समजते. पण स्वदेशी कंपनीनेही उद्या दर वाढवले किंवा सेवा बंद केली तर शाळा पुन्हा तिथेच येणार. लिबरऑफिसचे तसे नाही. ते आधी ओपनऑफिस नावाने होते; २०१० मध्ये त्याच्या कारभाराबद्दल शंका वाटली तेव्हा त्याचा कोड लिहिणाऱ्यांनीच तोच कोड घेऊन लिबरऑफिस वेगळे काढले, आणि वापरणाऱ्यांच्या फायली जशाच्या तशा उघडत राहिल्या. कंपनीच्या मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही वाट कुणालाच नसते.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदेत मुक्त स्रोत पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळला तर पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. राज्यांना मात्र ते ऐच्छिक आहे. शालेय शिक्षण विभागाने हेच कलम शाळांच्या संगणक खरेदीला लावावे. नवी खरेदी करण्यापूर्वी जुना संच लिनक्सवर चालवून पाहिला का, हा एक रकाना निर्लेखनाच्या प्रस्तावात असावा. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात लिबरऑफिस व लिनक्सचा समावेश व्हावा. पहिल्या दोन गोष्टींना एका परिपत्रकापलीकडे खर्च नाही. तिसरीसाठी लागणारे साहित्य मराठीत तयार आहे.

शासन निर्णयाची वाट पाहायची नसेल त्यांनी या सुट्टीत कक्षातला सर्वात जुना एक संच घ्यावा आणि त्यापासून सुरुवात करावी. लिनक्सची धास्ती वाटत असेल तर सध्याच्या विंडोजवरच आधी लिबरऑफिस टाकावे. व्हीएलसीवर व्हिडिओ आपण सगळे वर्षानुवर्षे पाहतोच आहोत, तेही मुक्त स्रोतच आहे. आसपासच्या कुठल्याही शाळेला पहिला संच बसवून द्यायला मी आणि माझे दहावीचे विद्यार्थी शनिवारी शाळा सुटल्यावर यायला तयार आहोत.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, जि. सातारा