कवीचं स्वतःचं अक्षर कुठे शोधायचं?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला व्हिक्टोरियन कवींवरचा लेख वाचला. टेनिसन आणि ब्राउनिंगला भरपूर जागा दिलीत ते ठीकच आहे, पण जेराल्ड मॅसीच्या वाट्याला शेवटी दीड ओळ आली आणि तीही 'रेशमाच्या गिरणीतला पोरगा पुढे कवी झाला' एवढीच. हे वाक्य गेली कितीतरी वर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उचललं जातंय. ते खोटं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण इंग्लंडमध्ये सरकारी कागद इतके जपून ठेवलेत आणि आता घरबसल्या बघता येतात, तर अशा मागे पडलेल्या कवीबद्दल लिहिताना ते निदान उघडून तरी बघावेत.

मॅसी जन्मला २९ मे १८२८ ला, हर्टफर्डशायरमधल्या ट्रिंगजवळ, कालव्याच्या काठी, वडील कालव्यावर बोट चालवायचे. इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १ जुलै १८३७ ला, म्हणजे तेव्हा हा नऊ वर्षांचा, त्यामुळे त्याचा जन्मदाखला शोधूच नका, तो नसणारच. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या धुंडाळायच्या, त्यात वडिलांचा धंदा मिळतो, पण तारीख असते ती बाप्तिस्म्याची.

मग येतो ६ जून १८४१ चा सेन्सस. मॅसी तेव्हा नुकताच तेरा पूर्ण झालेला. पंधराच्या आतल्या मुलांचं वय जसंच्या तसं लिहायचं आणि मोठ्यांचं पाचाच्या पटीत खाली आणायचं असा नियम होता, म्हणजे ३९ चा माणूस कागदावर ३५ चा, आणि हे माहीत नसलं की आईबापांचं जन्मवर्षच चुकतं. त्यातून धंद्याच्या रकान्यावर नंतर लंडनच्या कारकुनांनी मोजणीसाठी पेन्सिलने खुणा केलेल्या. एका पानावर मी तासभर बसले होते, पहिलं अक्षर रेघेखाली गेलेलं, 'सॉयर' की 'लॉयर', म्हणजे करवत चालवणारा की वकील! शेवटी त्याच पानावरचे बाकीचे एस बघून ठरवलं.

आणि ते अक्षर तरी कुणाचं? घरोघर फॉर्म वाटायचे, ज्याला लिहिता येत नाही त्याचा फॉर्म गणना करणारा माणूसच भरायचा, मग सगळं आपल्या वहीत उतरवायचा, आणि मूळ फॉर्म पुढे नष्ट केले गेले. घरच्या माणसाने स्वतः लिहिलेले फॉर्म जपले गेले ते १९११ पासून. मॅसी गेला २९ ऑक्टोबर १९०७ ला. आयुष्यभर लिहिणारा माणूस, आणि सेन्ससमध्ये त्याचं स्वतःचं अक्षर सापडायचं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

लग्नाचंही तसंच. १८५० मध्ये रोझिना नोल्सशी त्याचं लग्न झालं. इंग्लंडच्या मुख्य नोंदणी ऑफिसमधून अशा लग्नाचा दाखला मागवला की खाली दोघांची नावं सहीच्या जागी दिसतात, पण ती सही नसते, दर तिमाहीला नक्कल पाठवायचे त्या नकलेतलं अक्षर असतं. खरी सही, किंवा लिहिता न येणाऱ्याने काढलेली फुली, लग्न लागलं तिथल्या मूळ रजिस्टरमध्ये. बरेच लोक इथे फसतात.

(कवयित्रींचे हाल तर याहून वाईट. लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि पुस्तक छापून आलेलं असलं तरी धंद्याचा रकाना कित्येकदा कोराच.)

१८६३ मध्ये मॅसीला वर्षाला ७० पौंड सरकारी पेन्शन मिळालं, १८८७ मध्ये त्यात ३० पौंडांची भर पडली. गिरणीतल्या पोरापासून इथपर्यंतचा रस्ता कागदांवरून लावता येतो, आणि तो त्या दीड ओळीपेक्षा कितीतरी जिवंत आहे.

तेव्हा एवढीच विनंती, पुढच्या वेळी अशा कवीवर लेख आला तर फोटोच्या शेजारी त्याच्या सेन्ससचं एखादं पान पण छापा, पेन्सिलच्या खुणांसकट.

आपली,
एक नियमित वाचक