दावा उभा राहण्याआधीच पुरावा नाहीसा होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यानंतर इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयी वकीलवर्गात जी चर्चा चालते, ती बहुतांशी कलम ६३ खालील प्रमाणपत्राभोवतीच, म्हणजे अभिलेखाची प्रत कोणत्या यंत्रातून व कशी काढली याची लेखी ग्वाही देणाऱ्या कागदाभोवतीच, फिरते. प्रमाणपत्र महत्त्वाचे आहे यात शंका नाही. परंतु दिवाणी दाव्यांत काम करताना मला सतत जाणवते, की पुरावा सिद्ध कसा करायचा याचा आपण जेवढा काथ्याकूट केला, तेवढा तो न्यायालयापर्यंत शिल्लक कसा राहील याचा केला नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न सुटायला वीस वर्षे लागली. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली जुन्या पुरावा कायद्यात अशाच प्रमाणपत्राची तरतूद असलेले कलम ६५-ब आणले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याच्या प्रमाणपत्राविना चालेल असे म्हटले, २०१४ मध्ये ते अनिवार्य ठरवले, २०१८ मध्ये पुन्हा सवलत दिली आणि १४ जुलै २०२० रोजी जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात ते अनिवार्यच असल्याचे निश्चित केले. त्या खटल्यात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनातील चित्रफितींवरून ठरायचे होते आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. अशा वेळी पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा, हा मार्ग त्या निकालाने स्पष्ट केला. मात्र तेथे चित्रफिती सरकारी ताब्यात शाबूत होत्या. सामान्य पक्षकाराच्या नशिबी तेवढेही नसते.

थकलेल्या बिलाच्या एका दाव्यात माझ्या पक्षकाराची सारी बोलणी व्हॉट्सॲपवर झाली होती. नोटीस पाठवण्यापूर्वी त्यांनी फोन बदलला, बॅकअप घेतला नव्हता, आणि प्रतिपक्षाच्या फोनवर संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू होती. हाती उरले ते नातेवाइकांना पाठवलेले काही स्क्रीनशॉट. त्यांत ना आधीचा संवाद होता, ना पाठवणाऱ्याचा क्रमांक. कोणी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. यंत्रांनी आपापले नेमून दिलेले काम केले. सीसीटीव्हीचेही असेच होते. डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढते आणि नोटिशीला उत्तर येईपर्यंत हवा असलेला दिवस गेलेला असतो.

नव्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंकाक्षरी ठसा, नोंदवावी लागते, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ही सुधारणा मी मनापासून स्वागतार्ह मानतो. तरी एक गोष्ट पक्षकारांना समजावून सांगावीच लागते: हॅश काढल्यानंतर फाइलमध्ये एका अक्षराचाही बदल झाला तर तो उघड होतो, परंतु हॅश काढण्यापूर्वी काय घडले याविषयी तो काहीच सांगत नाही. एखादे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून सर्वसाधारण पद्धतीने पुढे पाठवले, की ते लहान केले जाते, मूळ कॅमेऱ्याची व वेळेची नोंद गळते आणि हॅशही वेगळा येतो. ईमेलची छापील प्रत काढली, तर तो कोणत्या सर्व्हरवरून कसा आला हे सांगणारा भाग सहसा कागदावर येतच नाही. त्यामुळे दाखल करण्याच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घेतलेल्या प्रतीचा हॅश कितीही अचूक असला, तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न मागील दोन वर्षांचाच विचारला जातो.

कायदा येथे अगदीच मुका आहे असे नाही. पुरावा म्हणून हजर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा आहे, आणि दडवलेला पुरावा दडवणाऱ्याच्याच विरोधात जाणारा होता, असे विरुद्ध अनुमान काढण्याची न्यायालयाला मुभा आहे. मात्र हेतू सिद्ध करणे अवघड असते, आणि आपोआप पुसले गेलेल्या संदेशामागे हेतू शोधायचा तरी कोणाचा? २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने त्या न्यायालयांतील पक्षकारांना आपल्या विरोधात जाणारे दस्तऐवजही उघड करणे बंधनकारक केले, त्यांत इलेक्ट्रॉनिक अभिलेख आले. परंतु हे बंधन दावा दाखल झाल्यानंतरचे आहे, आणि साध्या दिवाणी दाव्यात तर तेवढेही नाही. तेथे मागणीचा अर्ज करावा लागतो, तोवर महिने उलटतात.

माझी विनंती अशी आहे, की वादाची लेखी नोटीस मिळताच संबंधित संदेश, ईमेल, चित्रण व हिशेबाच्या फाइली आहेत तशा राखून ठेवण्याचे स्पष्ट कर्तव्य दिवाणी प्रक्रिया संहितेत घालावे, आणि ते मोडल्यास खर्च व विरुद्ध अनुमान हे परिणामही तेथेच लिहावेत. अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांत अशा अभिलेखांचा स्वतंत्र विचार २००६ मध्येच झाला आहे. हे कर्तव्य वादाच्या विषयापुरतेच मर्यादित असावे, कारण कोणाचा संपूर्ण फोन प्रतिपक्षासमोर उघडा पाडणे हा दुसराच अन्याय होईल. तोपर्यंत आम्ही वकिलांनी नोटिशीच्या मसुद्यात जतनाची मागणी नेमक्या तारखा व क्रमांकांसह लिहावी आणि आपल्या पक्षकारालाही पहिल्याच भेटीत फोन न बदलण्यास व बॅकअप घेण्यास सांगावे.

आपला विश्वासू,
एक दिवाणी वकील