अण्णा, इथला कंडक्टर कोलोन्या वाटतो

गोरेमे, तुर्कस्तान
रविवार

ती. अण्णा आणि ती. आईस सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी इस्तंबूलहून बसने निघाले, ती आज सकाळी इथं पोचले. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर, बारा तास गेले. आई, तुझी काळजी आधी मिटवते. शेजारी बाईच होती. तिकिटाला पासपोर्टचा नंबर लागतो, आणि एकट्या बाईजवळ अनोळखी पुरुषाला सीट देत नाहीत. नेवशेहिरला मोठी गाडी सोडली. तिथून त्यांच्याच छोट्या गाडीने गोरेमेपर्यंत आणलं, वेगळे पैसे न घेता.

अण्णा, आता तुमच्यासाठी. लांब पल्ल्याच्या गाडीत इथं कंडक्टरच्या जागी मुआविन असतो. तिकिटं आधीच काढलेली, म्हणून खांद्याला पिशवी नाही की हातात पंच नाही. एसेनलेरच्या स्टँडवरून (स्टँडला इथं ओतोगार म्हणतात) गाडी हमरस्त्याला लागली तसा तो लिंबाच्या वासाच्या कोलोन्याची (कोलोन्या म्हणजे अत्तरासारखं सुगंधी पाणी) बाटली घेऊन आला. आपण ओंजळ पुढे करायची, तो थोडं ओततो, मग ते हातांना आणि मानेला चोळायचं. देवळात तीर्थाला करतो तसे सगळ्या गाडीचे हात पुढे! त्यामागून चहा आणि केक. चहाला इथंही चायच म्हणतात.

रात्री एका धाब्यावर गाडी थांबली. मसुराच्या डाळीचं गरम सूप, वर लिंबू पिळलेलं. पिऊन बाहेर आले तर एकसारख्या चार गाड्या उभ्या, आपली कुठली तेच कळेना. माझे पायच गळाले. तेवढ्यात मुआविन मला शोधत पळत आला, “आब्ला, आब्ला!” आब्ला म्हणजे ताई. त्याने गाडी थांबवून ठेवली होती. माणसं मोजल्याशिवाय तुम्ही कधी डबल बेल दिली नाहीत, ते तेव्हा फार आठवलं.

इस्तंबूलमध्ये मात्र मी दोल्मुशच्या प्रेमात पडले. ही पिवळी वडाप. दोल्मुश म्हणजे ‘भरलेली’, आणि ती भरल्यावरच सुटते. काडिकॉयहून ताक्सिमला निघालो, म्हणजे आशियातून पूल ओलांडून युरोपात. कंडक्टर नाहीच. मागच्या बाकावरच्या आजोबांनी माझ्या खांद्याला हात लावून नोट दिली. मी ती पुढच्या मुलीला दिली, तिने ड्रायव्हरला. सुट्टे पैसे त्याच हातांतून उलटे मागे आले आणि आजोबांनी न मोजता खिशात टाकले. माझ्या हातून परक्या माणसाचे पैसे गेले, त्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू! उतरायचं असेल तर “इनेजेक वार” म्हणायचं, ‘उतरणारं कुणीतरी आहे’. तिसऱ्या दिवशी मला ते मोठ्याने म्हणता आलं.

उद्या दुपारच्या गाडीने कोन्याला निघते, तीन-साडेतीन तासांचा रस्ता आहे. दिवसाउजेडी पोचेन.

कोलोन्याची एक बाटली घेतली आहे, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलीय. घरी आले की आधी तुमच्या ओंजळीत ओतीन.

तुमची लेक